गोदीच्या दाराशी बीबीए

नागपूर, गोंदिया, भंडारा पट्ट्यातल्या रेल्वे कुटुंबांना गार्डन रीच हे नाव नवे नाही. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे उभी राहिली. तिचे मुख्यालय कलकत्त्याच्या या नदीकाठच्या भागात आले आणि १९५५ साली दक्षिण पूर्व रेल्वे झाल्यावरही तिथेच राहिले. २००३ साली नागपूर विभाग बिलासपूरच्या नव्या झोनकडे जाईपर्यंत विदर्भातल्या त्या मार्गावरच्या बदल्या, बढत्या, अडलेले कागद यांचा शेवटचा निकाल गार्डन रीचला लागत असे. आपल्याकडे त्या नावाचा अर्थ एवढाच राहिला, मोठ्या साहेबांचे ऑफिस.

पण त्या ऑफिसच्या आसपास जे आहे ते मला आज अधिक महत्त्वाचे वाटते. त्याच रस्त्यावर गार्डन रीच शिपबिल्डर्स अँड इंजिनिअर्स ही जहाजबांधणीची सरकारी कंपनी आहे. १८८४ सालच्या एका लहान कार्यशाळेतून ती वाढली आणि १९६० साली, म्हणजे आपले माझगाव डॉक सरकारने घेतले त्याच वर्षी, तीही सरकारकडे आली. स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली युद्धनौका ‘आयएनएस अजय’ १९६१ साली इथूनच बाहेर पडली आणि २०१९ साली या कंपनीने शंभरावी युद्धनौका सुपूर्द केली. शेजारी नेताजी सुभाष गोदी आहे, जिथे कंटेनर चढतात-उतरतात. लिव्हर ब्रदर्सने १९३४ साली आपल्या शिवडीला साबण काढायला सुरुवात केली, त्याच वर्षी गार्डन रीचचा साबणाचा कारखानाही भाड्याने घेतला. आणि या सगळ्याला लागून मेटियाब्रुज. अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ साली तिथे येऊन राहिला आणि १८८७ साली तिथेच वारला. त्याच्याबरोबर आलेल्या शिंप्यांनी या वस्तीत शिवणकामाचा पाया घातला असे तिथे सांगतात. आज मेटियाब्रुजच्या घराघरांत तयार कपडे, त्यातही लहान मुलांचे, शिवले जातात आणि तिथल्या हाटांत बिहार, आसाम, ओडिशाकडचे व्यापारी खरेदीला येतात.

आता या वस्तीतला अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी डोळ्यांसमोर आणा. बारावी झाली आणि बीबीएला प्रवेश घेतला. तीन वर्षांत व्यवस्थापनाची तत्त्वे, मास्लोची गरजांची उतरंड, विपणनाचे चार पी, स्वॉट विश्लेषण, संघटनात्मक वर्तन हे सगळे शिकून, पंचवीस स्लाइडची सादरीकरणे करून तो पदवीधर होऊ शकतो. या तीन वर्षांत त्याने गोदीचे फाटक ओलांडले नाही, घरोघरी कपडे शिवून घेणाऱ्या एखाद्या ओस्तागराचा हिशोब पाहिला नाही, जहाज कारखान्याला खिळे-बोल्ट पुरवणाऱ्या लघुउद्योजकाशी तो पाच मिनिटे बोलला नाही, तरी त्याचा एकही गुण कापला जात नाही. बीबीएच्या भवितव्याचा सगळा प्रश्न मला इथे दिसतो.

माझे म्हणणे असे आहे. व्यवस्थापन हा नेहमी दुसरा विषय असतो. पहिला विषय म्हणजे कुठला तरी धंदा, त्यातला माल, त्यातली माणसे, त्यातल्या पैशाची ये-जा. पहिला विषय हाताशी असेल तर दुसरा त्याला धार देतो. तो नसेल तर दुसऱ्याला धरायला जागाच सापडत नाही. म्हणून बीबीए करावे की नाही, याचे उत्तर कॉलेजच्या नावात किंवा जाहिरातीतल्या ‘पॅकेज’मध्ये शोधू नये. या तीन वर्षांत विद्यार्थ्याला एक तरी धंदा आतून कळणार आहे का, हे पाहावे. कळणार असेल तर ही पदवी चांगली आहे, आणि सामान्य घरातल्या मुलांसाठी तर फारच चांगली आहे. कळणार नसेल तर तीन वर्षांची फी कशासाठी भरली, हे नंतर घरच्यांना सांगता येत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी वेगळ्याच बाजूने पुढे आला. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी पहिल्यांदा सामाईक प्रवेश परीक्षा घेतली. राज्यातल्या जागा एक लाखाहून अधिक होत्या आणि परीक्षेला बसलेले विद्यार्थी त्याच्या निम्म्याहूनही कमी. परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. मुंबईतल्या काही महाविद्यालयांनी ‘बीएमएस’चे नाव बदलून बीकॉमच्या छत्राखाली व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम चालू ठेवला, म्हणजे सीईटीची अट लागू नये. त्या उन्हाळ्यात पालकांची जी धावपळ झाली ती मी जवळून पाहिली. परिषदेची मान्यता, वर्गखोल्यांचे क्षेत्रफळ, शिक्षकांची संख्या, सीईटीचे गुण यांवर खूप चर्चा झाली. मुलगा नेमके काय शिकून बाहेर पडणार, यावर फारच थोडी.

इतिहास पाहिला तर व्यवस्थापनाचे शिक्षण धंद्याच्या पोटातूनच निघाले आहे. पदवीच्या पातळीवर व्यवसायशिक्षण देणारी जगातली पहिली विद्यापीठीय संस्था, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले व्हॉर्टन, १८८१ साली निघाली ती जोसेफ व्हॉर्टन या निकेल आणि पोलादाच्या कारखानदाराच्या देणगीतून. मुंबईचे सिडनहॅम महाविद्यालय १९१३ साली निघाले तेव्हा समोर गोदी, कापड गिरण्या आणि बँका होत्या. कलकत्त्याचे तर काय सांगावे! ‘व्यवस्थापन’ ही सेवा म्हणून विकायची पद्धत आपल्या देशात इथूनच पसरली. द्वारकानाथ टागोरांनी १८३४ साली कार, टागोर अँड कंपनी काढली, आणि पुढे अँड्र्यू यूल, बर्ड, मार्टिन बर्न अशा मॅनेजिंग एजन्सींनी चहाचे मळे, कोळशाच्या खाणी, ताग गिरण्या, बोटी हे सगळे एकेका कचेरीतून चालवले. १९७० साली ही पद्धत कायद्याने बंद झाली. त्या कंपन्यांत इतिहास किंवा साहित्य शिकलेले तरुण घेत, पण घेतल्यावर त्यांना वर्षानुवर्षे एका मालापाशी बसवत. चहाच्या कंपनीत गेलेला मुलगा रोज शेकडो कप चाखायला शिकत असे. व्यवस्थापक तो नंतर व्हायचा, आधी त्याला चहा कळायचा. त्या व्यवस्थेतला वंशभेद आणि शोषण मला मुळीच झाकायचे नाही. शिकण्याचा क्रम मात्र तिने बरोबर धरला होता.

स्वातंत्र्यानंतर याच शहरात १९५३ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सोशल वेल्फेअर अँड बिझनेस मॅनेजमेंट निघाली, आणि १९६१ साली देशातले पहिले आयआयएम. आज तारातलाहून जोक्याला मेट्रो जाते, म्हणजे गार्डन रीचच्या पोरापासून ते आयआयएम काही स्थानकांच्या अंतरावर आहे. या दोन्ही संस्थांचा भर पदव्युत्तर शिक्षणावर राहिला. तिथे येणारा विद्यार्थी आधीचा एक विषय घेऊन येतो, अभियंता असेल तर यंत्र, वकील असेल तर कायदा, दोन वर्षे नोकरी केलेला असेल तर त्या नोकरीचे जग. त्या पहिल्या विषयावर दोन वर्षांचे व्यवस्थापन चढते. बीबीएत आपण तोच अभ्यासक्रम थोडा सोपा करून अठरा वर्षांच्या मुलाला देतो. पहिला विषय कुठून आणायचा, हे त्याला कोणीच सांगत नाही.

ही उणीव फक्त आपली नाही. अमेरिकेत १९५९ साली फोर्ड फाउंडेशनच्या पाठबळाने गॉर्डन आणि हॉवेल यांचा व्यवसायशिक्षणावरचा मोठा अहवाल आला. पदवी पातळीवरचे व्यवसायशिक्षण उथळ झाले आहे, अभ्यासक्रमाचे बारीक बारीक तुकडे पडले आहेत, विद्यार्थ्यांचा दर्जाही कमी आहे, असा त्याचा सूर होता. २०११ साली आरम आणि रोक्सा या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांची विचारक्षमता किती वाढते ते मोजले, तेव्हा व्यवसाय विषय घेतलेले विद्यार्थी सर्वांत कमी प्रगती करणाऱ्यांत निघाले. गॉर्डन-हॉवेल यांचे उत्तर होते गणित, समाजशास्त्र, साहित्य वाढवा. मला ते अर्धेच पटते. गणित आणि भाषा हव्यातच, पण त्यांच्या जोडीला एक धंदाही हवा. हिंदुस्तान लिव्हरसारखी कंपनी देशातल्या उत्तम संस्थांतून निवडलेल्या आपल्या व्यवस्थापन प्रशिक्षणार्थींना १९७६ पासून उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्याच्या खेड्यांत राहायला पाठवत असे. इतके शिकलेल्यांनाही गाईच्या दुधाचा आणि गावच्या दुकानाचा हिशोब जागेवर जाऊन बघावा लागत होता, तर बारावी झालेल्या मुलाला तो वर्गात बसून कसा कळावा?

शंकर यांच्या कादंबरीवरून सत्यजित राय यांनी १९७६ साली काढलेला ‘जन अरण्य’ मी विद्यार्थ्यांना आवर्जून पाहायला सांगतो. सोमनाथ हा कलकत्त्यातला पदवीधर. नोकरीसाठी वणवण होते, मिळत नाही. शेवटी तो ‘ऑर्डर सप्लाय’च्या धंद्यात शिरतो, म्हणजे इथून घेऊन तिथे द्यायचे, काहीही, कुणालाही. त्याला कुठल्याच मालाची पारख नाही, म्हणून टिकायला त्याच्यापाशी एकच साधन उरते, समोरच्याला खूश करणे. खूश करता करता तो जिथे जाऊन पोहोचतो ते पाहताना आजही पोटात कालवते. राय यांचा रोख बेकारी आणि नैतिक घसरणीवर होता. मला त्यात आणखी एक दिसते. ज्याला माल कळत नाही तो बाजारात कायम दुसऱ्याच्या मर्जीवर जगतो. आज बीबीए होऊन बँकेची क्रेडिट कार्डे, विम्याच्या पॉलिसी, ऑनलाइन शिकवण्या फोनवरून विकायला लागलेल्या मुलामुलींशी बोलून पाहा. महिन्याचे टार्गेट गाठताना आपण काय विकतो आहोत, ते समोरच्याच्या उपयोगाचे आहे का, हे विचारायला त्यांना फुरसत नसते आणि तेवढे ज्ञानही दिलेले नसते. वर्षभरात ती नोकरी सोडतात, पुढच्या कंपनीत तेच विकतात. या मुलांना दोष देण्यासारखे काही नाही. त्यांना पहिला विषय कोणी दिलाच नाही.

मग गार्डन रीचच्या मुलाला पहिला विषय कुठे मिळेल? मी तीन दारे सांगतो. तिन्ही त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि तिन्हींना महाराष्ट्रात जोड आहे.

पहिले दार गोदीचे. आयात-निर्यातीचा माल कस्टम्समधून सोडवण्याचे काम परवानाधारक कस्टम्स ब्रोकर करतात. या कामाची शिडी २०१८ च्या नियमावलीत लिहिलेली आहे, पण ती बीबीएच्या किती वर्गांत सांगितली जाते? ब्रोकरच्या कचेरीत लागलेल्या मुलाला आधी एच कार्ड मिळते. कस्टम्सची परीक्षा दिली की जी कार्ड, मग तो कागदांवर सही करू शकतो. पदवीधराने जी कार्डावर दोन वर्षे काम केले की त्याला परवान्याच्या परीक्षेला बसता येते, आणि ती पास झाला की एफ कार्ड. तेव्हा तो स्वतःची फर्म काढू शकतो. बिल ऑफ एन्ट्री, शिपिंग बिल, मालाचे वर्गीकरण, शुल्कमाफीच्या योजना, डेमरेज चढू नये म्हणून करायची घाई, हे सगळे त्याला रोज करावे लागते. बीबीएत शिकलेले करविषयक पेपर, लॉजिस्टिक्स, व्यवसाय कायदा इथे एकदम जिवंत होतात. हेच उरण-पनवेलच्या मुलांना लागू आहे. न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. ज्या गावांच्या जमिनी त्यात गेल्या तिथल्या मुलांना सुरक्षा रक्षक आणि चालक म्हणून कामे मिळाली. कस्टम्स ब्रोकरच्या खुर्चीवर त्यांतले किती बसले? त्या खुर्चीपर्यंत जाणारी वाट बीबीएतून जाऊ शकते. कॉलेजांनी ती वाट दाखवायला हवी.

दुसरे दार जहाज कारखान्याचे. एका युद्धनौकेला हजारो सुटे भाग लागतात आणि त्यांतले कितीतरी लहान कार्यशाळांतून येतात. केंद्र सरकारच्या कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करावी, असा २०१८ पासून नियम आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे या उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते व्हायला हवेत, नाही तर बँक दराच्या तिप्पट दराने व्याज लागते. पण लेथ मशिनवर उत्तम काम करणाऱ्या माणसाला सरकारी खरेदीच्या ‘जेम’ पोर्टलवर निविदा भरता येत नाही, उद्यम नोंदणीचा उपयोग कळत नाही, थकलेल्या बिलासाठी तक्रार कुठे करायची ते माहीत नसते, बिलावर आधीच पैसे उचलून देणाऱ्या ट्रेड्सच्या व्यवस्थेचे नावही त्याने ऐकलेले नसते. ही सगळी कामे नीट करणारा एक पदवीधर चार-पाच कार्यशाळा सांभाळू शकतो. अशा कामाला ‘कॅम्पस प्लेसमेंट’ म्हणत नाहीत, म्हणून ते कॉलेजच्या माहितीपत्रकात येत नाही. पण पुण्याच्या भोसरीत, कोल्हापूरच्या शिरोलीत, नाशिकच्या सातपूरमध्ये अशा माणसाची वाट पाहणारे कारखानदार आहेत.

तिसरे दार मेटियाब्रुजचे, आणि मला ते सर्वांत श्रीमंत वाटते. ओस्तागर म्हणजे या धंद्याचा कणा. तो कापड आणतो, बेतून कापतो, शिवायला कारागिरांकडे देतो, काज-बटण, इस्त्री, घडी, बांधणी वेगवेगळ्या घरांतून करून घेतो आणि आठवड्याच्या हाटाला माल लावतो. दुर्गापूजा आणि ईदच्या आधीचे काही आठवडे म्हणजे त्याचे वर्ष. उधारीशिवाय हा धंदा होत नाही. आता एक साधे गणित पाहा. समजा एका फ्रॉकला सगळा खर्च १८० रुपये आला आणि तो २०० ला गेला. कागदावर २० रुपये सुटले. पण ते १८० रुपये महिना शेकडा दोन व्याजाने काढलेले असतील आणि व्यापाऱ्याने पैसे चार महिन्यांनी दिले, तर १४ रुपये ४० पैसे व्याजातच गेले. हातात राहिले ५ रुपये ६० पैसे. त्यात काही फ्रॉक हाटात पडून राहिले की सगळ्या गठ्ठ्याचा नफा संपला. खेळते भांडवल हा धडा पुस्तकात दहा पानांचा असतो आणि परीक्षेनंतर महिनाभरात विसरला जातो. एका ओस्तागराची वही घेऊन वर्षभर त्याचे येणे-देणे मांडले तर तो आयुष्यभर विसरणार नाही. मग पुढचे प्रश्न आपोआप येतात. उधारी कमी केली तर गिऱ्हाईक तुटेल का? बँकेचे कर्ज मिळायला कोणते कागद लागतील? जीएसटीत नोंदणी केली तर फायदा कोणाचा? कारागिराचा दर वाढवला तर माल कमी बिघडतो का? याच प्रश्नांना आपण वित्त, विपणन, मनुष्यबळ अशी नावे देतो.

सोलापुरात शाळेच्या गणवेशांचा मोठा धंदा आहे, तिथे हेच गणित चालते. सांगलीच्या मुलाने हळदीचे सौदे, लासलगावच्या मुलीने कांद्याचा लिलाव, इचलकरंजीच्या मुलाने सायझिंगपासून प्रोसेसपर्यंतचा कापडाचा प्रवास एकदा तरी नीट मांडून दाखवल्याशिवाय त्यांना व्यवस्थापनाची पदवी देऊ नये, इतके माझे मत कडक आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी फार गंभीरपणे घेतो. शिंप्याच्या मुलाला शिवणकामाकडे, कोळ्याच्या मुलाला बंदराकडे, शेतकऱ्याच्या मुलीला बाजार समितीकडे पाठवणे म्हणजे जातीने आखून दिलेल्या रेषेतच त्यांना पुन्हा उभे करणे नाही का? शिक्षण घेतले ते त्या रेषेबाहेर पडण्यासाठी. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली दाखवून दिले की जातीव्यवस्था श्रमांचे विभाजन करून थांबत नाही, ती श्रमिकांचेच विभाजन करते आणि माणसाचा धंदा जन्माआधी ठरवते. मेटियाब्रुजच्या ओस्तागराची मुलगी जर म्हणाली की मला कपड्यांचे नावही नको, मला रुग्णालयाच्या प्रशासनात जायचे आहे, तर तिला अडवण्याचा हक्क कोणालाही नाही. माझा आग्रह घराण्याच्या धंद्याचा अजिबात नाही. आग्रह आहे कुठल्या तरी एका धंद्याचा, जो तिने स्वतः निवडला आहे आणि आतून समजून घेतला आहे. रुग्णालय हवे असेल तर रुग्णालय, पण मग बाह्यरुग्ण विभागाची रांग का तुंबते, विम्याचा दावा का फेटाळला जातो, औषधांचा साठा कसा ठेवतात, हे तिला तीन वर्षांत तिथे उभे राहून कळले पाहिजे.

आपल्याकडची उदाहरणेही हेच सांगतात. फुलांच्या व्यवसायातल्या घराण्यात जन्मलेल्या जोतीराव फुल्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली, ओतकामाच्या सामानाची विक्री केली, आणि त्या कमाईतून समाजकार्य उभे केले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना वडिलोपार्जित धंद्यात रस वाटला नाही. बीएची पदवीही पुरी झाली नव्हती. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांबरोबर त्यांनी भागी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून कंत्राटदारीला सुरुवात केली. फाटकांना रेल्वेचे काम आतून माहीत होते. वालचंदांना भांडवल उभे करता येत होते, धोका पत्करता येत होता. एकाकडे पहिला विषय, दुसऱ्याकडे दुसरा, आणि वालचंदांनी पहिलाही शिकून घेतला. पुढे सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, विशाखापट्टणमचा जहाज कारखाना, हे सगळे त्या पायावर उभे राहिले.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. बीबीए ही कुचकामी पदवी, त्यापेक्षा बीकॉम करून सीए करा, किंवा अभियांत्रिकी करून एमबीए करा, असे सांगणारे काका-मामा प्रत्येक घरात असतात. मला हे म्हणणे अन्यायाचे वाटते. सीएची परीक्षा ज्यांना झेपते त्यांनी जरूर द्यावी, पण तिच्या अंतिम टप्प्यापर्यंत किती जण पोहोचतात हे पालकांना चांगले ठाऊक असते. आणि बीबीएच्या वर्गात एक गोष्ट घडते जी इतर अनेक वर्गांत घडत नाही. तिथे मुलाला उभे राहून बोलावे लागते. चौघांबरोबर प्रकल्प करावा लागतो. अनोळखी माणसाला ईमेल लिहावा लागतो, इंग्रजीत प्रश्न विचारावा लागतो. ज्याच्या घरात आजवर कोणी कचेरीत काम केले नाही त्याच्यासाठी हे शिक्षण मोठ्या मोलाचे आहे. तालुक्याच्या गावातून आलेली, पहिल्या सत्रात मान वर न करणारी मुलगी शेवटच्या वर्षी परिसंवाद चालवताना मी पाहिली आहे. हा आत्मविश्वास खरा असतो. त्याच्या पोटात एखाद्या क्षेत्राचे ज्ञान घातले तर तिला कोणी थांबवू शकत नाही. ते घातले नाही तर तो आत्मविश्वास पहिल्या नोकरीच्या पहिल्या तिमाहीत फुटतो, आणि तो फुटताना पाहणे शिक्षकाला फार जड जाते.

एमबीएबद्दल थोडक्यात. कॅट परीक्षेला कुठलीही पदवी चालते, बीबीएच हवी असे नाही, आणि बीबीएनंतर लगेच एमबीए केले तर पहिल्या वर्षात बरेच विषय दुसऱ्यांदा येतात. दोन-तीन वर्षे एका क्षेत्रात काम करून मग गेलेला विद्यार्थी त्याच विषयांतून खूप अधिक घेतो. सरकारी नोकरीचेही तसेच. गार्डन रीचच्या रेल्वे मुख्यालयाच्या दारात उभा असलेला बीबीए आणि इतिहासाचा बीए, रेल्वे भरती मंडळाच्या स्टेशन मास्तरच्या परीक्षेला दोघेही फक्त पदवीधर म्हणून बसतात. ज्याला तेच हवे आहे त्याने जास्त फीची पदवी घेण्याचे कारण नाही, आणि हे त्याला प्रवेशाआधी सांगणे कॉलेजचे कर्तव्य आहे.

मग बदल कुठून करायचा? १९७४ साली जर्मनीत स्टुटगार्टकडे एक पद्धत सुरू झाली. तिथल्या कंपन्यांनी आणि राज्याने मिळून अशी रचना केली की विद्यार्थी काही महिने वर्गात आणि काही महिने कंपनीत, असे आलटून पालटून शिकेल, आणि कंपनी त्याला पूर्ण काळ पगार देईल. व्यवसाय प्रशासन शिकवायला ती पद्धत पहिल्यापासून वापरली गेली. आपल्याकडे कायदा आहेच. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि अभियंत्यांखेरीज इतर पदवीधरांनाही उमेदवारीचे दार उघडले. ही उमेदवारी पाहणारे पश्चिम विभागाचे मंडळ मुंबईत आहे, पूर्वेचे कोलकात्यात. विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार देते. विद्यापीठ अनुदान आयोगानेही उमेदवारी अंतर्भूत असलेल्या पदव्यांना मान्यता दिली आहे. म्हणजे परवानगीची अडचण नाही. अडचण अशी की बहुतेक कॉलेजांत ‘इंटर्नशिप’ म्हणजे ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणलेले एक प्रमाणपत्र आणि मागच्या वर्षीच्या अहवालाची नक्कल. ती नक्कल तपासणाऱ्या प्राध्यापकानेही तो धंदा पाहिलेला नसतो. म्हणून बीबीएच्या प्रत्येक विभागात निदान दोन शिक्षक असे हवेत ज्यांनी दहा वर्षे माल हाताळला आहे, भले त्यांच्याकडे नेट-सेट नसेल. गार्डन रीचच्या कॉलेजात एक ओस्तागर आणि एक जी कार्डवाला आठवड्यातून दोन दिवस शिकवायला येऊ शकत नाही, असे कोणत्या नियमात लिहिले आहे?

आणि हे सगळे पगारी असले पाहिजे. फुकट इंटर्नशिप ज्याला परवडते तो आधीच सुखवस्तू असतो. संध्याकाळी दुकानात काम करून फी भरणारा मुलगा सहा महिने बिनपगारी कुठे जाणार? मुलींची अडचण तर आणखी निराळी. मेटियाब्रुजचा हाट असो, न्हावा-शेवाचे कंटेनर यार्ड असो की लासलगावची बाजार समिती, तिथे बाईने उभे राहायचे ठरवले तर स्वच्छतागृहापासून घरी जाण्याच्या वाहनापर्यंत कशाचीच सोय नसते, आणि मग घरचे म्हणतात, त्यापेक्षा कॉलेजातच प्रकल्प कर. तिचा पहिला विषय तिथेच हुकतो. सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायच्या त्या २५ टक्के खरेदीत ३ टक्के महिला उद्योजकांसाठी राखलेले आहेत. ते भरायला महिला उद्योजक हव्या असतील तर त्या आजच्या बीबीएच्या वर्गांतूनच निघायच्या आहेत. कॉलेजने त्यांच्यासाठी बंदरात, बाजारात, कारखान्यात बसायची जागा आणि महिन्याचे विद्यावेतन लेखी करारात मिळवले पाहिजे, आणि पालकांनी प्रवेशाच्या खिडकीवर वसतिगृहाची चौकशी करण्याआधी तो करार पाहायला मागितला पाहिजे.